कोपऱ्याचा बाक

१२ जानेवारी १९७४, खोपोली

पुण्याच्या एका ट्रकमालकाने ही डायरी दिली. त्याच्या गाड्यांच्या सीटा मी भरून दिल्या होत्या, त्यावर तो खूश होता. बांधणी कातड्याची दिसते, पण आहे रेक्झिनच, आणि तेही हलकं. रेक्झिनच्या बाबतीत मला कोण फसवणार? बरं, सातवी पास माणसाने डायरी लिहायला काही हरकत नसावी, म्हणून सुरू करतो.

आज माझी बायको सोनू मिलच्या साहेबांच्या बंगल्यावर पडदे द्यायला गेली होती. पडदे शिवले मी, पण बंगल्याला पायऱ्या आहेत, म्हणून द्यायला ती गेली. परत आली ती खुललेल्या तोंडाने. मला वाटलं, बाईसाहेबांनी साडीबिडी दिली. तर नाही. म्हणे साहेबांच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक बाक आहे. दोन भिंतींना धरून काटकोनात वळलेला, बसायला गादी, पाठीला गादी, पुढ्यात मेज. "अवो, त्यांचा म्हातारा बाप कोपऱ्यात पाय लांब सोडून बसलेला, आनी सगल्यांच्या मधी जेवत होता," हे तिने मला तीनदा सांगितलं. साहेबाच्या म्हाताऱ्याशी मला काय करायचंय?

मग हळूच म्हणाली, "तो बाक कोनी केला ठाव हाय का? आमच्या पदूनं."

सोनूचं माहेर कोंडाण्याचं. पदू हे नाव मी लग्न झाल्यापासून ऐकतोय. पदू झाडावर चढला, पदू नदीत पडला. माणूस कधी पाहिला नव्हता, कारण तो मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात होता. आता आलाय म्हणे परत. आणि आपल्याही स्वयंपाकघरात तसाच बाक करायचा, हे तिने येता येता रस्त्यातच ठरवून टाकलंय. घरात माणसं दोन, बाक कशाला, असं मी विचारलं.

"बसायला," म्हणाली.

१५ जानेवारी

पदू आला. मला वाटलं होतं त्यापेक्षा उंच आहे. केस मागे वळवलेले, कानात पेन्सिल. मला 'दाजी' म्हणतो. पाया पडायला वाकला, तेव्हा मी मुद्दाम डावा पाय मागे घेतला.

पायाचा विषय या घरात बंद आहे. एकदाच लिहून ठेवतो. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात मी एका ट्रकची सीट काढत असताना गाडी मागे सरकली आणि माझा गुडघा गेला. हाड जुळलं, पण गुडघा वाकत नाही. पाटावर बसता येत नाही. म्हणून मी ओटीवर दुकानातच खुर्चीवर जेवतो, ताट एका स्टुलावर, पाय दुसऱ्यावर. सुरुवातीला सोनू पायाबद्दल काहीबाही विचारायची. एकदा मी ताट भिरकावलं. त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. बाई समजूतदार आहे.

पदूला चहा स्वयंपाकघरात. मला ओटीवर. तिथे दोघं कोपऱ्याची मापं घेत होती आणि मी इथे दाभण ओढत होतो. आतून हसणं येत होतं. सोनू हसते तेव्हा आधी नाकातून एक आवाज येतो, मग हसू. हा आवाज मी फार दिवसांनी ऐकला. आणि बोलणं तर काय, "आरं सरक ना रं", "तुला नाय समजत रं." तोंडातून 'रं' थांबत नव्हता. मला ती 'अवो' म्हणते. नवऱ्याला रं म्हणत नाहीत हे मलाही कळतं. पण ऐकायला बरं लागलं नाही.

२० जानेवारी

टेंपोतून लाकूड आलं. तिच्या बापाचा जुना गोठा उतरवला, त्याचे वासे आणि फळ्या. चांगला जुना साग आहे, खोटं का बोला. पदू फळीवर हात फिरवून म्हणाला, "सोने, ह्याच गव्हानीला आपली कपिली बांधायचे ना गं?" आणि दोघंही गप्प झाली, कपिलीसाठी. ती गाय होती असं मला नंतर विचारून घ्यावं लागलं.

लाकूड माहेरचं, सुतार माहेरचा, गायसुद्धा माहेरची. घर तेवढं माझं.

२३ जानेवारी

शेजारच्या धोंडूबाई उशी भरून घ्यायला आल्या होत्या. कान मात्र आमच्या स्वयंपाकघराकडे. म्हणाल्या, "रंध्याचा आवाज ऱ्हातो थांबून, नि हसन्याचा चालू." मी म्हटलं, सुतार तिच्या गावचा आहे. "मंग भावासारकाच झाला की," त्या म्हणाल्या. गावातला पोरगा म्हणजे भाऊ, ही रीत आमच्याकडे आहेच. एका गावात सोयरीक करत नाहीत. मला त्या एका शब्दाने बरं वाटलं असतं, पण जाता जाता बाई उंबऱ्यात थांबल्या आणि म्हणाल्या, "सख्खा नाय, येवढंच."

त्या येवढंच या शब्दावर मी दिवसभर काथ्या पिंजला. उशी इतकी गच्च भरली गेली की पुन्हा उसवावी लागली.

२८ जानेवारी

आज दोघं बाजारात खिळे-बिजागऱ्या आणायला गेली, तेव्हा मी काठी टेकत आत जाऊन पाहिलं. पदूने जमिनीवर कोळशाने सगळा बाक काढलाय. नकाशा बरा आहे. पण एक बाजू वेड्यासारखी लांब आणि दुसरी आखूड. साहेबाच्या घरचा दोन्हीकडे सारखा होता, हे सोनूनेच सांगितलं होतं. लांब बाजूचं टोक त्याने गोल केलंय, बाजूला दोघांना जाता येईल एवढी मोकळी जागा. इतक्या लांबीवर बसणार कोण? आडवं पडायलाच ती बाजू. दुपारी जेवून सुताराने अंग टाकायचं असेल.

दोघं परत आली तर वाद चाललेला. पदूने आधी बसायची जागा मुंबईसारखी अरुंद धरली होती, पाय खाली सोडून बसायची. सोनू म्हणाली, "पाय लोंबकलत ठेवून कोन जेवल रं? अन्नाचा अपमान तो." त्याने आखूड बाजू मांडी घालता येईल एवढी रुंद केली. पण मेजाची उंची तीच ठेवली. मी ओटीवरून ओरडलो, "मांडी घालून बसली की गुडघे मेजाच्या वर येतील, अक्कल आहे का?" पदू बाहेर आला, क्षणभर माझ्याकडे बघत राहिला, आणि म्हणाला, "बरोबर हाय, दाजी. माज्या ध्यानात नाय आलं." मेज वर घेतलं.

मला काही बाकाला मदत करायची नव्हती. चूक दिसली की तोंड गप्प बसत नाही, एवढंच.

गादी मीच करायची, असं सोनू म्हणाली. मी म्हटलं, बघू.

२ फेब्रुवारी

माझी खाकी पँट धुऊन दोरीवर होती. डाव्या पायावर दोन खुणा दिसल्या, एक मांडीपाशी, एक खाली टाचेपाशी. सुताराच्या पेन्सिलीच्या. धुऊनही गेल्या नाहीत.

माझी पँट त्याच्याकडे गेली कशी? मी सगळा दिवस विचार केला आणि मला एकच उत्तर मिळालं. काम करताना त्याचे कपडे मळू नयेत म्हणून ती त्याला माझी पँट घालायला देते. माझी पँट. तो उंच आहे, त्याला घोट्याच्या वर येत असेल, तेवढंच समाधान.

सोनूला विचारलं, "ही पँट कुठे होती?" तिचा चेहरा उतरला. "धुवायला," म्हणाली, आणि लगेच भाकऱ्यांकडे वळली. नऊ वर्षांत तिने माझ्याशी खोटं बोललेलं मला आठवत नाही. त्यामुळे तिला ते अजून नीट जमत नाही.

५ फेब्रुवारी

काही नाही. सांगाडा उभा राहिला. आखूड बाजूच्या पोटात कांदे-बटाटे ठेवायला झाकणाचा कप्पा केलाय. लांब बाजू नुसती सपाट. मी न पाहिल्यासारखं केलं.

रेक्झिन निवडायला सोनूने मला दोन तुकडे आणून दाखवले. "तुमाला कोनचा बरा वाटतो?" मी म्हटलं, ज्याला बसायचंय त्याला विचार. ती म्हणाली, "तेच तर इचारते." बायकांचं बोलणं कधी सरळ नसतं.

९ फेब्रुवारी

आज मी त्याला घराबाहेर काढलं.

दुपारी आत हसण्याचा नुसता पूर आला होता. मी काठी न घेता, भिंत धरून गेलो, आवाज होऊ नये म्हणून. दारात उभा राहिलो. पदू डावा पाय काठीसारखा ताठ धरून एका पायावर सरकत बाकाकडे आला. बूड टेकवलं. मग दोन्ही हातांनी मांडी धरून तो ताठ पाय उचलला आणि लांब बाजूवर ठेवला. अगदी मी ठेवतो तसा. तोंडही माझ्यासारखंच वाकडं केलं होतं. आणि सोनू पदराने तोंड दाबून हसत होती. वर त्याला शिकवत होती, "आसा नाय रं. ते आदी उजवा हात टेकतात, मंग पाय घेतात."

माझी नक्कल. माझ्या घरात, माझ्या बायकोसमोर, आणि ती चुका दुरुस्त करते आहे.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. पटाशी फेकली, ती कोणाला लागली नाही. पदू उठला. "दाजी, तुमी समजता तसा नाय, आमी..." एवढं बोलला, तेवढ्यात सोनू म्हणाली, "पदू, तू जा." तो गेला. हत्यारं तशीच राहिली.

मी विचारलं, "हसत होतीस की नाही?"

"हसले. हसू आलं म्हनून हसले. ह्या घरात दोन वरसं कोन हसलंय?"

"माझ्या पायाला हसलीस."

ती भुसा झाडायला लागली. मग पाठमोरीच म्हणाली, "बाक झाला का सांगन."

बाक झाल्यावर काय सांगणार? मला एकच सुचतं. सांगणार की मी जाते. आजवर हे कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं, आता लिहूनच टाकलं. मी दाराशी बसतो म्हणून ती दारातून जाणार नाही, असं थोडंच आहे.

१३ फेब्रुवारी

बोलणं बंद. ताट वेळेवर येतं, चहा वेळेवर येतो. अर्धा बाक स्वयंपाकघरात उभा आहे. काल ती स्वतः रंधा मारत होती. शेवटी मीच ओरडलो की उलटा धरलायस. तिने सुलटा धरला. आभार वगैरे काही नाही.

१७ फेब्रुवारी

आज ती ओटीवर आली. माझ्यासमोर उभी राहिली, डोक्यावरचा पदर सरळ केला. "मी एक मागते. गादी तुमच्या हातची पायजे. पदू येत्या आयतवारी येऊन झाकनं बसवंल नि जाईल, त्याला भिवंडीला काम लागलंय. मंग तुमाला काय बोलायचं ते बोला."

म्हणजे तो रविवारी येणार, हे तिला कळलेलं आहे. निरोपानिरोपी चालू आहे.

मी म्हटलं, "भरतो."

१९ फेब्रुवारी

गाद्या झाल्या. आखूड बाजूची आणि लांब बाजूची.

आखूड बाजू सोनूची, यात शंका नाही. चुलीकडे उठायला जवळ आणि मांडी घालता येते. तिच्यासाठी खालून तागाच्या पट्ट्या विणल्या, त्यावर नवा काथ्या, त्यावर मऊ फोमचा थर. तो फोम मी एका मोटरमालकाच्या सीटसाठी जपून ठेवला होता. कडेला दोरी घालून रेक्झिन ओढलं, एक सुरकुती नाही. रागावलेलो असलो तरी बायको बसणार तिथे काथ्या टोचलेला मला चालायचा नाही. लोक माझ्या कामाला नावं ठेवतील.

लांब बाजू त्याची, भिवंडीहून येऊन-जाऊन असणारच तो. त्या गादीसाठी मी जुन्या ट्रकच्या सीटमधला काथ्या काढला. गाठी झालेला, तेलकट, मध्ये तुटक्या स्प्रिंगचे तुकडे. टोचतील असे ठेवले नाहीत, पण गाठी मुद्दाम वर घेतल्या. दिसायला दोन्ही गाद्या सारख्या. बसल्यावर कळेल. दुपारी अंग टाकलं की पाठीला कळेल. पंचवीस वर्षांच्या धंद्यात वाईट गादी मी पहिल्यांदाच इतक्या काळजीने भरली.

दोन्ही गाद्या जिथे मिळतात तिथला चौकोन कापायला सगळा दिवस गेला. तो मात्र झकास बसलाय.

२४ फेब्रुवारी, रविवार

पदू आला. मी मान वर केली नाही. आत दोन-तीन ठोके, बिजागरीचा आवाज, संपलं. हसणं नाही. मला वाटलं होतं, हसणं थांबलं की मला बरं वाटेल.

जाताना त्याने माझ्यासमोर हत्यारांची पिशवी खाली ठेवली. "दाजी, मी नक्कल करीत नव्हतो," म्हणाला. मी म्हटलं, "मग काय करत होतास?" त्याने सोनूकडे पाहिलं. तिने नको म्हणून मान हलवली. मग तो एवढंच म्हणाला, "येकदा बसून बगा. बसल्यावर शिव्या देयाच्या तं द्या."

सोनूने त्याला कुंकू लावलं, हातावर नारळ ठेवला. "भाऊबीजेला ये," म्हणाली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती त्याच्याहून मोठी आहे की लहान, हेही मला माहीत नाही. तो गेल्यावर ती रस्ता वळेपर्यंत बघत उभी होती. मला दवाखान्यात नेलं होतं तेव्हा ती अशी उभी राहिली होती का? तेव्हा मी मागे वळून बघू शकत नव्हतो.

२५ फेब्रुवारी

दुपारी मी खुर्चीवर बसून ताटाची वाट बघत होतो. ताट आलं नाही. आतून सोनूचा आवाज आला. "ताट आत वाढलंय. या."

मी म्हटलं, इथे आण.

"नाय आनत."

नऊ वर्षांत हे पहिल्यांदा. मी उठलो ते भांडायलाच उठलो. आत गेलो. बाक पहिल्यांदा पुरा पाहिला, मरून रेक्झिन, गोल टोक, मेजावर माझं ताट. ताट लांब बाजूला होतं.

"तिथे कोण बसणार?" मी विचारलं.

तिने नुसतं बोट दाखवलं.

मी बाजूच्या मोकळ्या जागेतून सरकत गेलो. काठी टेकवायला तिथे भिंतीला खुंटी होती, हाताच्या अंतरावर. आधी उजवा हात टेकला. मग पाय घेतला. पाय वर आला आणि लांब बाजूवर सरळ आडवा झाला. मांडी जिथे सुरू होते तिथे कोपरा, टाच जिथे संपते तिथे लाकडाचं गोल टोक. बोटभर कमी नाही, बोटभर जास्त नाही. मेज बरोबर छातीसमोर. ताटाला वाकावं लागलं नाही.

पँटवरच्या दोन खुणा मला तेव्हा कळल्या. तोंड वाकडं करून पाय उचलणारा पदूही कळला. पण खरं सांगायचं तर राग पूर्ण गेला नव्हता. माझा पाय कसा पडतो, मी कुठला हात टेकतो, हे सगळं त्या माणसाला माझ्या नकळत माहीत झालं. तिने सांगितलं म्हणून माहीत झालं. दोन वर्षं ती हे बघत होती आणि मी समजत होतो की विषय बंद आहे.

"मला सांगितलं का नाहीस?"

"पायाचं सांगायचं? तुमाला?" ती म्हणाली. "करून दिलं आसतं का?"

दिलं नसतं.

पोटरीखाली मोठी गाठ आली होती. ढुंगणाखाली दोन. मी जरासा सरकलो, तर तिसरी मिळाली. सोनू बघत होती. सीट भरणाऱ्याची बायको ती. पुढे वाकून तिने तळहाताने गादी दाबली, एकदा इथे, एकदा तिथे. मग आखूड बाजूची दाबली. मग माझ्याकडे पाहिलं. मी वालाच्या बिरड्याकडे पाहिलं.

"ही कोनासाठी भरलेली?" तिने विचारलं.

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"मंग बसा आता," ती म्हणाली. नाकातून तो आवाज आला, पण हसली नाही. हसू दाबलं असावं. गादी पुन्हा उसवून भरून देईन, असं मी म्हणणार होतो. म्हटलं नाही, उद्या गुपचूप करीन.

मग तिने आपलं ताट वाढून घेतलं आणि आखूड बाजूला मांडी घालून बसली. मी म्हटलं, "तू आत्ता जेवणार?" "दुसरी जागा हाय का? बाक हितंच हाय." पुरुषाच्या आधी नाही, नंतरही नाही, बरोबर. आमच्या आईने पाहिलं असतं तर तिने ताट उचलून बाहेर ठेवलं असतं.

मी माझ्या बायकोला जेवताना कधी पाहिलं नव्हतं. हे मला आज बसल्या बसल्या कळलं. पाय धड होता तेव्हा मी पाटावर बसायचो, ती वाढायची. नंतर मी ओटीवर आणि ती आत. ती आधी कोरडा भात खाते, चार घास, आणि कालवण मग घेते. भाकरीचा पापुद्रा सोडवून बाजूला ठेवते आणि शेवटी खाते. आणि ती फार भराभर जेवते. घास गिळायच्या आत दुसरा हातात तयार असतो, आणि दर दोन घासांनी डोळे दाराकडे जातात. मी विचारलं, "एवढी घाई कसली? कोण येणार आहे?"

"सवय हाय," म्हणाली. "तुमी हाक मारता ना."

बाहेर जेवून झालं की मी हाक मारतो. पाणी दे. पंचा दे. सुपारी कुठे ठेवलीस. रोज, दोन्ही वेळा. आत ती काय करत असते, हे मनात कधी आलंच नाही. पदूला ठाऊक असेल ती कशी जेवते ते, लहानपणी त्याने पाहिलं असेल. असू दे. तेव्हा ती सावकाश जेवत असेल, हे मात्र मनातून जाईना.

तेवढ्यात मला सुकटीच्या चटणीने ठसका लागला. डोळ्यांत पाणी आलं. तांब्या तिच्या पलीकडे, चुलीजवळ. मी कोपऱ्यात, एक पाय आडवा, तांब्यापर्यंत पोचायचं तर तिला आधी उठवावं लागेल. ती अर्धी उठलीच होती, घास तोंडात, एक हात मेजावर.

मी हाताने तिला खाली बसवलं. "जेव," म्हटलं. घसा जळत होता. तिने पापुद्रा उचलला, मी बघत राहिलो. तिचं ताट रिकामं होईपर्यंत मी पाणी मागितलं नाही.